बोरिवलीहून २०० किमीची बीआरएम: आयोजन कसं होतं?

बीआरएम म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी. या फेरीचं आयोजन चोख. पहाटे नॅशनल पार्कच्या गेटपाशी सायकल-तपासणी झाली. तपासणाऱ्या ताईंनी मागचा दिवा नुसता लावून पाहिला नाही, तर हाताने हलवून पाहिला. एकाचा सैल निघाला, तो तिथेच झिप-टायने बांधून दिला आणि मगच ब्रेव्हे कार्ड (वाटेतले शिक्के घ्यायचं कार्ड) हातात ठेवलं. ट्रकांच्या रांगेत दिवा गळून पडला तर काय होतं, हे हायवेवर सायकल मारणाऱ्यालाच कळतं!

चारोटीच्या पुढे महालक्ष्मी मंदिराजवळच्या कंट्रोलवर, म्हणजे तपासणी-थांब्यावर, शिक्का, वेळ, सही आणि गार पाणी. स्वयंसेवक दुपारभर उन्हात उभे होते, आणि शेवटच्या सायकलस्वाराशीही तितक्याच आपुलकीने बोलत होते. बीआरएम ही शर्यत नाही, नंबर लागत नाहीत. साडेतेरा तासांत पोचलात की झालं. हे त्यांच्या वागण्यात दिसलं.

तक्रार एकच, पण मोठी. रूटची जीपीएक्स फाइल (मोबाइलवर किंवा जीपीएसवर रस्ता दाखवणारी) आदल्या रात्री उशिरा आली. वसई खाडीवरच्या वर्सोवा पुलाच्या आसपास सर्व्हिस रोड कुठे धरायचा, हे नवख्याला आधी बघून ठेवता आलं पाहिजे. निदान तीन दिवस आधी द्या.

२०२७ च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला, म्हणजे फ्रान्समधल्या सुमारे १२०० किमीच्या सायकलफेरीला जायचं असेल, तर त्या हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० किमीच्या बीआरएमची मालिका पूर्ण करावी लागेल. ३०० साठी मी याच क्लबकडे नाव देणार आहे.