१२० बाय ४५ : स्टीमसाठी मुखपृष्ठं काढताना

मी मूळची पुस्तकांची मुखपृष्ठं करणारी. बालसाहित्य, दिवाळी अंक, मधूनच एखादा कवितासंग्रह (मानधन उशिरा, कौतुक वेळेवर). अलीकडे मात्र निम्मं काम गेम्सचं झालंय आणि त्यातलं बहुतेक स्टीमसाठी. स्टीम म्हणजे वॉल्व कंपनीचं पीसी गेम्सचं ऑनलाइन दुकान. तिथे एका गेमचे १०० डॉलर भरले की छोट्यातला छोटा डेव्हलपरही (म्हणजे गेम बनवणारा) आपला माल मांडू शकतो, त्यामुळे मांडणारे उदंड. गिऱ्हाइकांच्या बाजूने या दुकानाबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. फळीवरचं चित्र ज्याला काढायचंय त्याला हे दुकान कसं वागवतं, ते सांगावं म्हणून हे लिहितेय.

पुस्तकाला एक मुखपृष्ठ असतं, फार तर मलपृष्ठ आणि कणा. स्टीमला एकाच गेमची चित्रं वेगवेगळ्या आकारांत लागतात. दुकानातल्या या चित्रांना ‘कॅप्सूल’ म्हणतात. गेमच्या पानावरची हेडर कॅप्सूल ९२० बाय ४३० पिक्सेल. दुकानाच्या दर्शनी भागात झळकायचं नशीब निघालं तर मेन कॅप्सूल, १२३२ बाय ७०६. सेलच्या दिवसांत लागते ती उभी, ७४८ बाय ८९६. याद्यांमध्ये आणि शोधात येते ती स्मॉल, ४६२ बाय १७४. गेम विकत घेतल्यावर लायब्ररीत, म्हणजे गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या गेम्सच्या यादीत, दिसणारं उभं चित्र ६०० बाय ९००, शिवाय ३८४० बाय १२४० चा लांबलचक ‘हीरो’ आणि पार्श्वभूमीशिवायचा सुटा लोगो. दुकानातल्या चार कॅप्सूलची मापं पूर्वी याच्या निम्मी होती. आता चित्र दुप्पट मोठं मागतात.

‘तुम्ही एक मोठं चित्र द्या, बाकीचं आम्ही क्रॉप करून घेऊ,’ हे प्रत्येक नवा डेव्हलपर म्हणतो. होत नाही तसं. आडव्या पट्टीसाठी बसवलेला माणूस ६०० बाय ९०० मध्ये आणला की डोक्यावर रिकामं आभाळ आणि पायाखाली चिखल उरतो. म्हणून मी पात्र, मागचा देखावा आणि अक्षरं वेगळ्या लेयरवर ठेवते, देखावा चारही बाजूंना लागतो त्यापेक्षा जास्त रंगवते आणि प्रत्येक आकार नव्याने जुळवते. माझं बिल पाहून दचकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

या सगळ्यांत पोटापाण्याचं चित्र एकच, स्मॉल कॅप्सूल. तुम्ही दिलेल्या ४६२ बाय १७४ मधून स्टीम आपणहून आणखी दोन छोटे आकार बनवतं : १८४ बाय ६९ आणि १२० बाय ४५. त्यापुढे टपालाचं तिकीट ऐसपैस वाटावं. स्टीमच्या मार्गदर्शक पानावर स्वच्छ लिहिलंय की स्मॉल कॅप्सूलमध्ये लोगोने जवळजवळ सगळी जागा व्यापायला हवी. हे पान लिहिणाऱ्याला माझे पैकीच्या पैकी गुण. ते वाचून माझ्याकडे आलेला डेव्हलपर मात्र अजून भेटायचाय.

दशावतारी कंपनीवरचा एक गेम माझ्याकडे आला होता. कंपनीचे मालक तुम्ही. गावोगावच्या जत्रा गाठायच्या, नटांची भांडणं मिटवायची, बिदागी वसूल करायची आणि पहाटेपर्यंत पेट्रोमॅक्स विझू द्यायची नाही. बनवणारे दोघे सावंतवाडीकडचे, हुशार आणि भयंकर प्रेमळ. म्हणाले, ‘ताई, सगळी मंडळी दिसायला हवीत.’ सगळी म्हणजे गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासुर, पेटीवाला, मृदंगवाला, समोर बसलेलं गाव आणि मागे देऊळ. मी वाद घातला नाही. त्यांनी सांगितलं तसंच कच्चं चित्र केलं, १२० बाय ४५ वर आणलं आणि एक शब्द न लिहिता व्हॉट्सॲपवर पाठवलं. उत्तर आलं, ‘ताई, हे काय आहे?’

‘तुमचा गेम,’ मी लिहिलं.

मग एकटा संकासुर उरला. काळा वेश, उंच टोप, पांढऱ्या कडांचे डोळे आणि लोंबती लाल जीभ. कितीही लहान करा, तो ओळखू येतो. लांब बसलेल्या माणसालाही दिसावा असंच ते सोंग शतकानुशतकं घडत आलंय, माझं त्यात काही कर्तृत्व नाही. माझं काम उजेडाचं होतं. स्टीमचं पान गडद निळं असतं, काळपटाकडे झुकणारं. गडद कडांचं चित्र तिथे ठेवलं की चौकटच विरघळते आणि कॅप्सूल आहे की भोक, कळत नाही. म्हणून पेट्रोमॅक्सचा पिवळा उजेड पार कडेपर्यंत नेला आणि संकासुर त्याच्यासमोर उभा केला. काळा, पिवळा, लाल. चौथा रंग मी त्या पट्टीत येऊ दिला नाही. तुमच्या गेममध्ये संकासुर नसेल तर संकासुरासारखं काय आहे ते शोधा : छायाकृतीवरूनच कळेल अशी एक गोष्ट. तशी एकही सापडली नाही तर चित्रकार बदलून उपयोग नाही.

शीर्षक त्यांना देवनागरीत हवं होतं. मलाही आवडलं असतं. पण आपल्या लिपीला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार यांची जागा सोडावी लागते, म्हणजे ४५ पिक्सेलच्या उंचीत अक्षराच्या अंगाला जेमतेम निम्मी उरते. रोमन कॅपिटल अक्षरं मात्र वरपासून खालपर्यंत ठासून भरता येतात. शेवटी छोट्या पट्टीत नुसतं रोमन आणि लायब्ररीच्या उभ्या चित्रात दोन्ही, असं ठरलं. रोमन अक्षरांवर शिरोरेषा ओढून त्यांना ‘भारतीय’ करण्याचा जो प्रकार चालतो तो मी करत नाही. जास्त पैसे दिले तरी नाही. (फारच जास्त दिले तर बोलू.)

नावाची लांबी हा तर वेगळाच छळ. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा २०२० मध्ये आलेला ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ घ्या. मुख्य नावात रोमनमधली चार अक्षरं. केवढीही मोठी लावा, बसतात, आणि छोट्या आकारात उपशीर्षक वाचता आलं नाही तरी काही अडत नाही. माझ्याकडे येणाऱ्या गेम्सची नावं मात्र लग्नपत्रिकेवरच्या मजकुराएवढी. नाव नक्की करण्याआधी ते १२० पिक्सेलमध्ये टाइप करून बघा, फुकट असतं.

स्टीमचा मला सगळ्यात आवडलेला नियम १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाला. कॅप्सूलवर गेमचं चित्र, गेमचं नाव आणि अधिकृत उपशीर्षक, बस. परीक्षणांतले गुण नाहीत, पुरस्कारांची नावं नाहीत, ‘अमुक टक्के सूट’ नाही, दुसऱ्या गेमची जाहिरात नाही. आमच्या पुस्तकांच्या धंद्यात ‘पाचवी आवृत्ती’ आणि ‘पुरस्कारप्राप्त’चे गोल शिक्के नेमके चित्रातल्या चेहऱ्यावर बसतात आणि प्रकाशकाला काही बोलता येत नाही. इथे बोलायची वेळच येत नाही, दुकानच नाही म्हणतं. मोठा अपडेट आला तर त्याची माहिती देणारं चित्र तात्पुरतं लावता येतं, जास्तीत जास्त एक महिना. त्यावरचा मजकूर गेमच्या सगळ्या भाषांमध्ये द्यावा लागतो, हेही बरोबरच.

उणं काय? चित्र चाललं की नाही हे नीट तपासायची सोय. गूगल प्लेच्या कन्सोलमध्ये (ॲप बनवणाऱ्यांसाठीच्या पानावर) आयकॉनचे किंवा फीचर ग्राफिक नावाच्या आडव्या चित्राचे दोन पर्याय वेगवेगळ्या लोकांना दाखवून तुलना करता येते. स्टीम किती जणांना कॅप्सूल दिसली आणि किती जण पानावर आले ते आकडे देतं, पण दोन चित्रं समोरासमोर लढवायची सोय देत नाही. चित्र बदला, थांबा, आकडे बघा. तेवढ्यात मध्ये एखादा सेल येतो आणि आकडे कशामुळे हलले ते कुणालाच सांगता येत नाही. एवढ्या मोठ्या दुकानाकडून हे पटत नाही.

इच डॉट आयओ या गेम्सच्या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात हा सगळा व्याप नाही. एकच कव्हर, ६३० बाय ५००, वाटलं तर हलणारं जिफ लावा. कॉलेजातल्या मुलांना मी तिथेच पाठवते. एका चित्रात काय मावतं ते आधी शिकावं, मग स्टीमच्या वाटेला जावं.

राहिला हीरो. त्यावर अक्षरं चालत नाहीत, लोगो स्टीम वरून वेगळा ठेवतं. पडद्याच्या रुंदीप्रमाणे कडा कापल्या जातात, म्हणून मधल्या ८६० बाय ३८० मध्ये महत्त्वाचं ठेवायचं आणि बाकी पसरायचं. सावंतवाडीकरांची सगळी मंडळी मी इथे बसवली. पेटीवाला, मृदंगवाला, पहिल्या रांगेत पेंगणारं पोरसुद्धा. माझ्या मते पूर्ण संचातलं सर्वांत चांगलं चित्र तेच आहे, आणि ते दिसतं फक्त गेम घेतलेल्या माणसाला त्याच्या लायब्ररीत. विकायचं काम ज्या चित्राचं आहे त्याला १२० पिक्सेल आणि विक्री झाल्यावर ३८४०. वॉल्वचा हिशेब मला समजतो, पण चित्रकार म्हणून चडफडते.

काम द्यायचं असेल तर रिलीजच्या आठवड्यात फोन करू नका. पान प्रसिद्ध होण्याआधी वॉल्व ते तपासतं, त्यात कामाचे काही दिवस जातात, आणि ‘लवकरच येत आहे’ म्हणून ते निदान दोन आठवडे आधी लागलेलं असावं लागतं. त्यामुळे चित्रं त्याहूनही आधी तयार हवीत. करारात पूर्ण संच म्हणून लिहा, सुटं एकेक चित्र म्हणून नाही. आणि मूळ फाइल लेयरसकट मागून घ्या. पहिला मोठा अपडेट येईल तेव्हा मी कुठल्यातरी दिवाळी अंकात अडकलेली असेन.