वादखोर माणसाला काय म्हणायचे? इंग्रजी आणि इंडोनेशियन शब्दांची तुलना

हाताखालचा एक माणूस प्रत्येक सूचनेला ‘पण’ लावतो. त्याच्याबद्दलचा अहवाल मुख्य कार्यालयाला इंग्रजीत आणि जाकार्ताच्या शाखेला इंडोनेशियनमध्ये पाठवायचा आहे. शब्दकोश उघडला तर इंग्रजीत ‘आर्ग्युमेंटेटिव्ह’ सापडतो आणि इंडोनेशियनमध्ये त्याचाच सख्खा भाऊ वाटावा असा ‘आर्गुमेंतातिफ’. इथेच बहुतेकांची फसगत होते. इंडोनेशियन ‘आर्गुमेंतातिफ’ प्रामुख्याने लिखाणाला लावतात, म्हणजे मुद्दे मांडून बाजू पटवणारा निबंध किंवा परिच्छेद. माणसाला तो लावला तर वाचणाऱ्याला वाटेल, बरा मुद्देसूद बोलतो की!

इंग्रजी शब्द निवडताना पाहायचे की माणूस कशा तऱ्हेने आणि किती जोरात भांडतो. इंडोनेशियनमध्ये आधी पाहायचे की समोर कोण आहे, आणि हा थांबतो कधी.

इंग्रजीतली उतरंड विशेषणांची आहे. ‘आर्ग्युमेंटेटिव्ह’ म्हणजे हुज्जत घालणारा. राग असेलच असे नाही, पण दाद कौतुकाचीही नाही. अमेरिकी न्यायालयात साक्षीदाराकडून माहिती काढण्याऐवजी वकील त्याच्याशीच वाद घालू लागला की समोरचा वकील याच शब्दाने हरकत घेतो. ‘क्वारलसम’ हा भांडखोर, त्यात स्वभावाचा तापटपणा आला. ‘कॉम्बॅटिव्ह’ प्रत्येक बैठकीला लढाईच्या पवित्र्यात येतो. ‘बेलिजरंट’ त्याच्याही पुढचा, विमानात दारू पिऊन अंगावर येणाऱ्या प्रवाशाला शोभणारा. अहवालात हा शब्द घालणे म्हणजे जवळजवळ तक्रार नोंदवणे. ‘कंटेन्शस’ माणसापेक्षा मुद्द्याला अधिक शोभतो. ‘कॉन्ट्रेरियन’ बहुमताच्या उलट बाजू मुद्दाम घेतो, आणि काही वर्तुळांत ती शाबासकीही ठरते.

आपल्याकडे सर्वांत जास्त चुकतो तो ‘ओपिनियनेटेड’. ‘स्वतःची मते असलेली’ अशा कौतुकाच्या अर्थाने तो इथे सर्रास वापरतात. इंग्रजी मातृभाषा असलेला वाचक मात्र त्यातून ‘दुसऱ्याचे न ऐकणारी’ असे वाचतो. शिफारसपत्रात तो टाळावा. ‘फायस्टी’चेही (तडफदार, सहज न नमणारा) तसेच: बाईला किंवा लहान चणीच्या माणसाला लावला की त्यात वरून पाठ थोपटल्याचा सूर येतो.

इंडोनेशियनकडे वळले की विशेषणे कमी आणि क्रियापदे जास्त लागतात. सवय सांगायचे तीन साचे आहेत. पहिला ‘सुका’ आणि क्रियापद: ‘सुका मेंबांताह’, म्हणजे उलट बोलण्याची सवय असलेला. ‘सुका’चा कोशातला अर्थ ‘आवडणे’ आहे, पण इथे तो ‘वरचेवर करतो’ एवढाच घ्यायचा. ‘दिया सुका माराह’ म्हणजे तो किंवा ती पटकन चिडते. चिडायला आवडते असे नव्हे. दुसरा साचा ‘तुकांग’. मुळात हा कारागिराचा शब्द, पण ‘तुकांग देबात’, ‘तुकांग प्रोतेस’ म्हटले की टोमणा झाला. बोलण्यात चालतो, कागदावर नाही. तिसरा ‘पे’ हा उपसर्ग: ‘पेंबांताह’, ‘पेमाराह’. यात सवय स्वभाव बनून माणसाला कायमची चिकटते, म्हणून सगळ्यांत कडक.

आता समोर कोण आहे ते. ‘मेंबांताह’ची धार चढते ती वडीलधाऱ्या किंवा वरिष्ठ माणसापुढे, आईबापांना उलट उत्तर देणाऱ्या मुलाला हाच शब्द ऐकवतात. हुकूमच मोडला तर ‘मेंबांकांग’. बरोबरीच्यांत भांडण झाले तर ‘बेर्तेंकार’, घरातली किंवा शेजारची कुरबूर असेल तर ‘चेकचोक’, आणि हातघाईवर न येता तोंडातोंडी जुंपली तर ‘आदू मुलूत’, शब्दशः तोंडांची झुंज. इंग्रजीत साहेबाशी आणि भावाशी वाद घालणारा, दोघेही ‘आर्ग्युमेंटेटिव्ह’च. मराठीत मात्र ‘उलट उत्तर’ आपण बरोबरीच्याला लावत नाही. त्यामुळे इंग्रजीवरून इंडोनेशियनमध्ये जाण्यापेक्षा मराठीवरून थेट गेलेले बरे पडते: हुज्जत, हेका, उलट उत्तर, वितंडवाद यांतला नेमका कुठला, हे आधी ठरवावे.

हेका धरणाऱ्यासाठी जावानीजमधून आलेला ‘ङेयेल’ आहे (सुरुवातीचा ङ अनुनासिकच उच्चारायचा). चूक दाखवली तरी आपलेच खरे करणारा तो हा. ‘ङोतोत’ त्याच्या जवळचा. ‘ओतोत’ म्हणजे स्नायू, त्यावरून जोर लावून अडून बसणे. पगारवाढीसाठी अडून बसलेल्यालाही तो लागतो, त्यामुळे दरवेळी शिवीच असेल असे नाही. दोन्ही शब्द बोलीतले. औपचारिक मजकुरात ‘बेर्सिकेरास’ लिहावा. ‘केरास केपाला’, म्हणजे कडक डोक्याचा, हा हट्टी. तो वाद घालेलच असे नाही, गप्प बसूनही अडेल.

वितंडवादाला ‘देबात कुसिर’ हा खास शब्द आहे. कुसिर म्हणजे घोडागाडी हाकणारा, डच भाषेतून आलेला. याचा संबंध लोक स्वातंत्र्यलढ्यातले नेते आणि पुढे परराष्ट्रमंत्री झालेले आगुस सालिम यांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या एका किश्श्याशी जोडतात. घोड्याने वारा सोडला. गाडीवान म्हणाला, याला ‘मासुक आंगिन’ झालंय, म्हणजे वारा आत शिरून बाधलाय. सालिम म्हणाले, छे, वारा तर बाहेर पडला! मग दोघेही हटेनात. खरेखोटे काहीही असो, अर्थ पक्का बसतो: ना मुद्दा, ना शेवट. लक्षात ठेवायचे एवढेच की हा शब्द वादाला लागतो, माणसाला नाही.

सारख्या दिसणाऱ्या काही जोड्या वेगळ्या तपासाव्यात. इंडोनेशियन ‘आर्गुमेन’ म्हणजे फक्त युक्तिवाद. इंग्रजी ‘आर्ग्युमेंट’ भांडणही असते, म्हणून ‘दे हॅड अॅन आर्ग्युमेंट’चे भाषांतर ‘बेर्तेंकार’ने करावे. ‘क्रितिस’ इंडोनेशियन शिक्षकाने लिहिला तर ती प्रशंसा आहे, मूल विचार करून प्रश्न विचारते. इंग्रजीत तेच ‘क्रिटिकल’ माणसाला लावले की दोष काढणारा. ‘फोकाल’ (इंग्रजी ‘व्होकल’ची जोडी) म्हणजे बैठकीत न घाबरता बोलणारा, बहुधा चांगल्या अर्थाने. ‘एमोसी’ बोलीत भावना नव्हे, राग. शिवाय ‘दिया’ हे सर्वनाम स्त्रीपुरुष भेद दाखवत नाही, पण ‘चेरेवेत’ किंवा ‘बावेल’ (कटकट्या, बडबड्या) बहुतेकदा बायकांनाच चिकटवले जातात, त्यामुळे तेही जपून.

अहवालापुरते बोलायचे तर दोन्ही भाषांत विशेषण टाळून वर्तन लिहावे. इंग्रजीत ‘टेंड्स टू कंटेस्ट डिसिजन्स आफ्टर दे आर मेड’: निर्णय झाल्यावरही आक्षेप घेतो. इंडोनेशियनमध्ये ‘कुरांग तेर्बुका तेरहादाप पेंदापात ओरांग लाइन’, म्हणजे दुसऱ्यांच्या मतांबाबत कमी मोकळा. यातला ‘कुरांग’ शब्दशः ‘कमी’ असला तरी व्यवहारात तो सभ्य नकार आहे; ‘कुरांग सेतुजू’ म्हणजे चक्क ‘पटत नाही’. इंडोनेशियन वाक्याचे इंग्रजी करताना तो ‘थोडासा’ असा उतरवला तर तक्रारीचे वजनच जाते, आणि उलट दिशेने ‘आर्ग्युमेंटेटिव्ह’चे ‘पेंबांताह’ केले तर साध्या शेऱ्याचा शिस्तभंगाचा आरोप होतो.