यू व्हिसा: बडोद्याच्या घरांनी अर्जाआधी वाचावे असे परीक्षण

पाचांत तीन तारे. गुन्ह्याला बळी पडून तपासात पोलिसांना मदत करणाऱ्या परदेशी माणसाला संरक्षण देणारी ही अमेरिकी तरतूद 2000 च्या कायद्याने आली. मूळ अर्जाला, म्हणजे आय-918 ला, सरकारी फी नाही. एजंट ‘सरकारी फी’ म्हणून पैसे मागत असेल तर तिथूनच उठावे.

दोन तारे कापले ते रांगेसाठी. वर्षाला मुख्य अर्जदारांना 10,000 व्हिसे, अर्ज त्याहून कितीतरी जास्त. जून 2021 पासून प्राथमिक छाननीत प्रकरण खरे वाटले तर अमेरिकेतच राहणाऱ्या अर्जदाराला चार वर्षांचे वर्क परमिट मिळू शकते, एवढाच दिलासा.

अर्ज हमखास अडतो तो सप्लिमेंट बी वर, म्हणजे आय-918 सोबत लागणाऱ्या प्रमाणपत्रावर. पोलीस, सरकारी वकील किंवा न्यायाधीश यांनी मदतीची खात्री देऊन त्यावर सही करायची असते. ती करायचीच असे बंधन त्यांच्यावर नाही. आरोपीला शिक्षा झालेली असावी लागत नाही. मात्र अर्ज दाखल होताना सही सहा महिन्यांपेक्षा जुनी चालत नाही. बडोद्याहून कागद येईपर्यंत थांबलात तर मुदत उलटते, आणि थांबायचे कारणही नाही: कुटुंबीयांसाठीचा पुरवणी अर्ज, सप्लिमेंट ए, नंतर देता येतो.

गुन्हा कायद्याच्या यादीतला हवा. घरगुती हिंसा, खंडणी, अपहरण आहेत. दुकानातली साधी चोरी नाही. शस्त्र रोखून लुटले असेल तर ते गंभीर हल्ल्यात बसते का, हे पाहावे लागते. म्हणूनच या व्हिसासाठी ठरवून खोटी लूट ‘घडवून देणारे’ निघाले. बोस्टनच्या फेडरल सरकारी वकिलांनी डिसेंबर 2023 मध्ये अशा प्रकरणात आरोप जाहीर केले. त्या वाटेला जाऊच नये.

महापालिकेचा जन्मदाखला गुजरातीत असेल तर शिक्क्यांसकट पूर्ण इंग्रजी भाषांतर लागते, सोबत भाषांतर अचूक असल्याचे आणि आपल्याला दोन्ही भाषा येत असल्याचे भाषांतरकाराचे सहीनिशी पत्र. नोटरी मागितलेली नाही, तरी तिचे पैसे लावले जातात. खरा घोळ नावांचा: गायकवाडचे इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर एक, पासपोर्टवर दुसरे, दाखल्यात ‘राव’ आहे, शाळेच्या कागदात नाही. ते आधी जुळवा.

अर्जदार 21 च्या वरचा असेल तर जोडीदार आणि 21 खालची अविवाहित मुले येतात, आईवडील नाहीत. अर्जदारच 21 खालचा असेल तर आईवडील आणि 18 खालची अविवाहित भावंडेही. वय मूळ अर्जाच्या तारखेला धरतात, त्यामुळे रांगेत मुलगी 21 ओलांडली तरी बिघडत नाही. तिचे लग्न लावले तर मात्र हक्क जातो. स्थळे बघायला लागलेल्या आईबापांना एजंट नेमके हेच सांगत नाहीत.