पैठणी, कोट, घोंगडी: ड्रायक्लीन, पेट्रोल वॉश की घरचं पाणी?

लग्नसराई उरकली की सांगलीतल्या लाँड्रीच्या काउंटरवर एकच प्रश्न येतो: "हे ड्रायक्लीनलाच द्यावं लागेल का?" बहुतेक जण किमतीवरून ठरवतात. महागाचं ड्रायक्लीनला, साधं घरी. या हिशेबात चांगले कपडे खराब होतात. किमतीआधी दोन गोष्टी बघा: डाग तेलाचा आहे की पाण्याचा, आणि कापडावर काय चिकटवलं किंवा शिवलं आहे.

ड्रायक्लीनमध्ये कपडा भिजतोच, फक्त पाण्यात नाही. मशीनवाल्यांकडे बहुधा परक्लोरोइथिलीन असतं, धंद्यात त्याला 'पर्क' म्हणतात. लहान दुकानात एमटीओ, म्हणजे टर्पेंटाइनला पर्याय म्हणून वापरलं जाणारं पेट्रोलियम द्रावण. त्यात हातानं धुतलं की ते झालं पेट्रोल वॉश. दोन्ही तेल, तूप, मेकअप, ग्रीस काढतात आणि कापड फुगू देत नाहीत, म्हणून रेशमाची झळाळी आणि कोटाचा आकार टिकतो. पण घाम, चहा, सरबत, उसाचा रस हे पाण्यात विरघळणारे डाग. डाग काढणाऱ्यानं आधी हातानं काम केलं नाही, तर नुसत्या द्रावणानं ते जात नाहीत. साखरेचा डाग सर्वांत फसवा. वाळल्यावर तो दिसत नाही आणि गरम इस्त्री फिरली की तपकिरी होऊन वर येतो. "दिली तेव्हा डाग नव्हता" या तक्रारीमागं बऱ्याचदा हेच कारण असतं. म्हणून रस किंवा सरबत सांडलं असेल तर दिसत नसलं तरी काउंटरवर जागा दाखवून सांगा.

हळदीचं गाव आहे, तेव्हा हळदीबद्दल जरा सविस्तर. हळदीचा पिवळा रंग कुर्क्युमिनचा. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि पर्कमध्येही नीट सुटत नाही. हळद तेलात कालवून लावलेली असेल तर ड्रायक्लीननं तेल जातं, पिवळा छाप राहतो. साबण लावला की डाग लालभडक होतो. घाबरून लोक जास्त घासतात आणि रेशमाचे धागे उसवतात. साबणातल्या क्षारामुळं रंग बदललेला असतो, भरपूर पाण्यानं साबण निघाला की पुन्हा पिवळा होतो. या रंगाचा खरा शत्रू ऊन. पांढऱ्या सुती कपड्यासाठी घरचा उपाय दुकानापेक्षा सरस: साध्या साबणानं धुवा, ओला असतानाच कडक उन्हात टाका, दोन-तीन दिवस पुन्हा करा. रंगीत रेशमाला हे चालत नाही, कारण हळदीबरोबर साडीचा रंगही उडतो. तिथं डाग काढणाऱ्याचा हात लागतो. तो डागाखाली पांढरं फडकं ठेवतो, आतल्या बाजूनं स्पिरिट टिपतो आणि कडेकडून मध्याकडं येतो. मध्यातून बाहेर गेलं की गोल कडा उमटते आणि ती हळदीपेक्षा जास्त दिसते. लिंबू, टूथपेस्ट, क्लोरीनचं ब्लीच रेशमाच्या जवळ आणू नका. क्लोरीन रेशीम पिवळं पाडतं आणि धागा खाऊन टाकतं.

आता पेट्रोल वॉश की मशीन? हातानं धुण्यात कारागीर कपडा डोळ्यासमोर ठेवतो. आरी वर्क, टिकल्या, मोती, गोंदानं चिकटवलेले खडे यांना हेच बरं. पर्क तीव्र आहे: काही प्लास्टिकच्या टिकल्या आणि बटणं त्यात विरघळतात किंवा वितळून कापडाला चिकटतात, रेक्झिन कडक होतं. उलट कोट, लोकरीची शाल, साधी जरीकाठाची साडी यांना चांगलं मशीन सरस. त्यात द्रावण गाळलं आणि उकळून शुद्ध केलं जातं. बादलीत तेच द्रावण दिवसभर वापरलं तर एकाच्या कॉलरचा मळ दुसऱ्याच्या पांढऱ्या शर्टवर बसतो आणि पांढरं राखाडी होतं. कपड्याला उग्र वास आला तर द्रावण मळकं होतं किंवा कपडा नीट वाळवला नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं पर्कला बहुधा कर्करोगकारक गटात ठेवलं आहे, तेव्हा वास येणारा कपडा थेट कपाटात नको. एक दिवस हवेशीर जागी टांगा. दुकानदाराला मोकळेपणानं विचारा: मशीन इथंच आहे का, की कपडे बाहेर जातात? बाहेर जात असतील तर तुम्ही सांगितलेला डाग चिठ्ठीवर लिहिला जातो का, तेही बघा.

पैठणी आणि जुन्या जरीची साडी ड्रायक्लीनलाच, पण प्रत्येक वेळी नेसल्यावर नाही. नुसती नेसून काढली असेल तर सावलीत तासभर हवा द्या आणि घडी बदलून मलमलमध्ये ठेवा. अत्तर-स्प्रे जरीवर मारू नका, ती काळवंडते. ब्लाऊजचं गणित वेगळं. काखेत घाम आणि मीठ साठतं, ड्रायक्लीननं ते उरतं आणि रेशीम तिथंच फाटतं. अस्तर सुती, कप नसलेला, रंग पक्का असेल तर ब्लाऊज थंड पाण्यात रिठ्यानं किंवा ईझीसारख्या सौम्य द्रवानं लगेच धुतलेला बरा. रंगाची परीक्षा सोपी: आतल्या शिवणीवर ओलं पांढरं फडकं मिनिटभर दाबा. फडक्यावर रंग आला तर पाणी बंद. इरकलच्या लाल पदराला ही परीक्षा न चुकता करा. मिठाच्या पाण्यानं सुटता रंग कायमचा बसत नाही.

कोटाला पाणी नकोच. छातीच्या आत फ्युजिंग, म्हणजे आकार धरून ठेवणारं आतलं कापड, डिंकानं चिकटवलेलं असतं. भिजलं की सुटतं आणि पुढच्या पल्ल्यावर फोड येतात. कोट आणि पँट एकत्रच द्या, नाहीतर दोन-तीन खेपांत छटा वेगळ्या पडतात.

घोंगडीला मात्र ड्रायक्लीन वाया जातं. जत-आटपाडीकडच्या घोंगडीला चिंचोक्याची खळ असते, ती द्रावणात विरघळत नाही. मळ आणि खळ काढायला थंड पाणीच लागतं. न घासता बुडवून दाबायची, पिळायची नाही, सपाट वाळवायची. कोमट पाणी आणि घासणं एकत्र आलं की लोकरीचे खवले एकमेकांत अडकतात आणि घोंगडी आटते. ती पुन्हा पसरत नाही.

कृष्णेचं पाणी घरात शिरलं तर क्रम उलटा. २०१९ आणि २०२१ च्या पुरासारखा गाळ साडीत बसला असेल तर आधी स्वच्छ पाण्यानं गाळ वाहून जाऊ द्या, शक्यतो वाळण्याआधी. गाळाचे कण घेऊन मशीनमध्ये फिरलेलं रेशीम घासून झिजतं. ओल्या कपड्यांची गाठोडी बांधून ठेवू नका, बुरशी दोन-तीन दिवसांत धरते.

पावतीवर कपड्याचा रंग, आधीचा फाटका भाग, तुटलेली बटणं आणि डागाचं कारण लिहून घ्या. एवढ्यानं निम्मे वाद टळतात. लेबलवरचं नुसतं वर्तुळ म्हणजे ड्रायक्लीन चालेल, वर्तुळावर फुली म्हणजे नाही. कपडा परत घेताना प्लास्टिकचं कव्हर दुकानातच काढा आणि उजेडात काठ, काखा, कॉलर बघा. डाग राहिला असेल तर त्याच दिवशी परत द्या, कारण पुन्हा इस्त्री झाली की तो काढणं अवघड होतं. नुकसान झालं आणि दुकान ऐकत नसेल तर पावती आणि फोटो घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. घरी आल्यावर कपडा पुन्हा त्या प्लास्टिकमध्ये घालून कपाटात ठेवू नका, त्यात ओल कोंडते. सुती कापडात गुंडाळा, आणि डांबराची गोळी ठेवलीच तर ती जरीला टेकू देऊ नका.