बारावीनंतरचे फॉर्म भरून देणारी दुकानं: टायपिंगला पैसे द्या, पसंतीक्रमाला नको

बारावीचा निकाल लागला की दादर, कुर्ला, अंधेरी, बोरिवली, कुठल्याही स्टेशनाबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे तोच फलक झळकतो: सीईटी, कॅप, युनिव्हर्सिटी, महाडीबीटी, नोकरी, सर्व फॉर्म भरून मिळतील. (सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा, कॅप म्हणजे राज्याची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, महाडीबीटी म्हणजे शिष्यवृत्तीचं पोर्टल.) ज्या घरातून पहिलंच मूल कॉलेजला निघालंय, त्या घराला या दुकानांचा खरोखर आधार असतो. स्कॅनिंग आणि अपलोडिंगमध्ये ही मंडळी तरबेज असतात. फोटो-सही ठरलेल्या आकारात बसवणं, दोन-तीन पानी दाखल्याची एकच पीडीएफ करणं, मार्कलिस्टवरचा बैठक क्रमांक न चुकता टाकणं, हे मोबाइलवर करायला बसलं तर जीव मेटाकुटीला येतो. या कामाचे शे-दोनशे रुपये घेतले तर ते योग्यच आहेत.

घोळ सुरू होतो तो मोबाइल नंबर आणि ईमेलच्या रकान्यापासून. गर्दीत वेळ वाचावा म्हणून कित्येक ठिकाणी दुकानाचाच ईमेल टाकला जातो आणि सगळ्या मुलांना एकच पासवर्ड मिळतो. मग ओटीपी दुकानदाराच्या फोनवर जातो. ई-स्क्रुटिनीत, म्हणजे कागदांच्या ऑनलाइन तपासणीत, त्रुटी निघून अर्ज परत आला, तर ते विद्यार्थ्याच्या लॉगिनमध्ये दिसतं. पण लॉगिन दुकानात आणि मूल घरी, अशी अवस्था असली की दुरुस्तीची मुदत हातची जाते. म्हणून खुर्चीवर बसायच्या आधीच सांगावं: नंबर आणि ईमेल आमचा, पासवर्ड मुलगा स्वतः टाइप करेल. याला जो दुकानदार कुरकुर करेल, त्याच्याकडे फॉर्म भरूच नये. ई-स्क्रुटिनी नको असेल तर प्रत्यक्ष तपासणीचा पर्यायही असतो. मूळ कागद घेऊन सुविधा केंद्रावर गेलं की पडताळणी आपल्या डोळ्यांसमोर होते. ज्यांच्या कागदांत नावाचा किंवा आडनावाचा फरक आहे, त्यांनी हाच मार्ग धरावा.

दाखल्यांच्या बाबतीत दुकानांचा सल्ला अर्धवट असतो. नॉन-क्रिमीलेअर 'आहे' एवढंच विचारलं जातं, तो प्रवेशानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत वैध आहे का, हे पाहिलं जात नाही. मुदत संपलेला दाखला लावला तर राखीव जागेचा दावा जातो आणि अर्ज खुल्या गटात धरला जातो. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र हे दोन वेगळे कागद आहेत, हेही समजावून सांगितलं जात नाही. ईडब्ल्यूएसचा, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा, दाखला राज्याच्या प्रवेशाला राज्याच्याच नमुन्यात लागतो, केंद्राच्या नमुन्यातला चालत नाही. आणि प्रतिज्ञापत्रासाठी ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर कोणी गळ्यात मारत असेल तर स्पष्ट नकार द्या: जात, उत्पन्न, रहिवासी, नॉन-क्रिमीलेअर या दाखल्यांसाठी तो लागत नाही, साध्या कागदावरचा स्वसाक्षांकित अर्ज पुरतो.

आता मुख्य मुद्दा, इंजिनिअरिंगचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज-शाखांचा पसंतीक्रम. 'कॉलेजची यादीपण आम्हीच लावून देतो' ही या दुकानांची सर्वांत महागडी आणि सर्वांत धोक्याची सेवा आहे. बहुतेक वेळा आधीच्या मुलाची यादीच थोडी वर-खाली करून चिकटवलेली असते. २०२५-२६च्या नियमांत कॅपच्या चार फेऱ्या झाल्या आणि ऑटो-फ्रीझ, म्हणजे मिळालेली जागा आपोआप पक्की होणं, कडक झालं. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर जागा पक्की. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी काही मिळालं तरी तसंच. अशी जागा नाकारली की पुढच्या कॅप फेऱ्या बंद. म्हणजे दुसऱ्या फेरीत तिसऱ्या क्रमांकावर 'असू दे, सेफ आहे' म्हणून टाकलेलं कॉलेज मुलाच्या पुढच्या चार वर्षांचा निर्णय करून टाकतं. वरच्या सहांत फक्त तीच नावं हवीत जिथे मूल खरोखर जाणार आहे: फी झेपेल, लोकलचा प्रवास झेपेल, शाखा हवी तीच असेल.

चॉइस कोड, म्हणजे प्रत्येक कॉलेजच्या प्रत्येक शाखेचा क्रमांक, तर एकेक करून ताडून पाहायला हवेत. एकाच कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग आणि आयटीचे कोड वेगळे असतात. त्याहून जास्त सुटते ती ट्यूशन फी वेव्हर स्कीम, म्हणजे टीएफडब्ल्यूएस. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर या जागांवर शिक्षण शुल्क माफ होतं. पण त्यांचा कोड स्वतंत्र असतो, त्याच्या शेवटी 'टी' हे अक्षर येतं, आणि मूळ अर्जात या योजनेचा दावा केलेला असावा लागतो. तो कोड त्याच शाखेच्या साध्या कोडच्या वर टाकायचा. खाली टाकला तर आधी साधी जागा मिळून जाते आणि माफी हुकते. एका ओळीच्या अदलाबदलीत घरचे काही लाख रुपये जातात, म्हणून यादी 'कन्फर्म' करण्याआधी प्रिंट काढून घरी न्यावी, रात्री सगळ्यांनी मिळून वाचावी आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या लॉगिनमधून कन्फर्म करावी. मुलींच्या पालकांनी आणखी एक लक्षात ठेवावं: ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी गटांतल्या, आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या मुलींना २०२४-२५पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे, पण कॅपमधून घेतलेल्या प्रवेशालाच. मॅनेजमेंट कोट्यात घाईने पैसे भरले की ती गेली.

आर्ट्स, कॉमर्स, सायन्सचं काम त्यामानाने सोपं. मुंबई विद्यापीठाची प्रवेशपूर्व नावनोंदणी वेगळी आणि कॉलेजचा फॉर्म वेगळा. नुसती नावनोंदणी करून 'झालं' म्हणणाऱ्या दुकानामुळे मूल कुठल्याच मेरिट लिस्टमध्ये दिसत नाही. झेव्हियर्स, रुईया यांसारखी स्वायत्त कॉलेजं आपली प्रक्रिया स्वतः चालवतात. बीएमएस, बीबीए, बीसीएला २०२४पासून सीईटी आहे. ती दिली नसेल तर मॅनेजमेंट स्टडीजमधलं बीकॉम चालवणारी कॉलेजं शोधावीत, बरंचसं तेच शिकायला मिळतं.

राहिली नोकरीची नोंदणी. या सेवेला आम्ही शून्य गुण देतो, कारण जे विकलं जातं ते फुकट मिळतं. महास्वयंचं रोजगार पोर्टल असो की केंद्राचं अप्रेंटिसशिपचं, उमेदवाराला नोंदणीचे पैसे पडत नाहीत. शिवाय पात्रता न पाहता फॉर्म भरले जातात. २०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी पासला महिना ६,००० रुपये ठरले, पण वयाची अट किमान १८ आहे आणि शिक्षण चालू असलेला उमेदवार त्यात बसत नाही. जूनमध्ये सतरा वर्षांचा असलेला मुलगा तिथे अडतो. मध्य रेल्वेच्या माटुंगा आणि परळ वर्कशॉपच्या अप्रेंटिस भरतीला आयटीआय लागतं, नुसत्या बारावी सायन्सवर भरलेला अर्ज बाद होतो. अप्रेंटिसशिप खरी आहे का हे ओळखायचं असेल तर पोर्टलवर करार झालाय का ते बघा: ट्रेड, कालावधी, दरमहा विद्यावेतन आणि कराराचा क्रमांक त्यात असतो, मूल अठराच्या आतलं असेल तर पालकाची सही लागते. बारावी पास अप्रेंटिससाठी २०१९च्या नियमांनी किमान ७,००० रुपये ठरवले होते. करार नाही, वर 'डिपॉझिट' मागतायत, तर तिथून उठून यावं.