झिकाची चाचणी: आरटी-पीसीआर की आयजीएम एलायझा?

झिका हा डासांतून पसरणारा, पोटातल्या बाळाला इजा करू शकणारा विषाणू. ब्राझीलमधली त्याची साथ वाढत गेली आणि 2016च्या सुरुवातीला अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने दोन वेगळ्या चाचण्या पाठोपाठ तयार केल्या. फेब्रुवारीत आयजीएम एलायझाला आणि मार्चमध्ये ट्रायोप्लेक्स आरटी-पीसीआरला तिथल्या एफडीए या औषध नियामक संस्थेची आणीबाणीची परवानगी मिळाली.

पीसीआर विषाणूचा आरएनएच, म्हणजे त्याचं जनुकीय द्रव्य, शोधते. ट्रायोप्लेक्समध्ये झिका, डेंगी आणि चिकुनगुनिया एकाच वेळी तपासता येतात. एकच एडिस डास तिन्ही पसरवतो आणि ताप, पुरळ, सांधेदुखी अशी लक्षणंही मिळतीजुळती, त्यामुळे ही सोय मोठीच. पण रक्तातला आरएनए साधारण आठवडाभरच सापडतो. लघवीत थोडा जास्त काळ.

एलायझा विषाणूशी लढायला शरीराने तयार केलेली आयजीएम प्रकारची प्रतिपिंडं शोधते, म्हणून ताप उतरून काही आठवडे झाले तरी उपयोगी पडते. खरी अडचण डेंगीची आहे. दोन्ही विषाणू फ्लॅविव्हायरस कुळातले. आधी डेंगी होऊन गेला असेल तर झिकाची एलायझा चुकून पॉझिटिव्ह येऊ शकते. मग पीआरएनटी ही पडताळणीची चाचणी करावी लागते. त्यात जिवंत विषाणू पेशींवर वाढवतात, आणि निकालाला बरेच दिवस लागतात. पोटात बाळ असलेल्या बाईसाठी ते दिवस किती जड जात असतील!

माझा कौल सुरुवातीच्या दिवसांत पीसीआरला, तेही रक्त आणि लघवी दोन्ही घेऊन. पुण्यासारख्या डेंगीच्या गावात नुसत्या एलायझावर मी विसंबणार नाही. मात्र पीसीआर निगेटिव्ह आली म्हणून गरोदर बाईला निश्चिंत करून घरी पाठवणंही मला पटत नाही.