बोर्डिंगला कुत्रा ठेवला आणि फोन बंद केला

पुण्यात घरीच कुत्र्यांचं बोर्डिंग आणि सकाळ-संध्याकाळ वॉक, हे माझं काम. कुठल्या अ‍ॅपशी बांधलेली नाही, गिऱ्हाईक ओळखीतून येतं. पैसे बुडवणारे या धंद्यात भेटतातच, त्यावर बरंच बोललं जातं. आजारी, म्हातारं जनावर बोर्डिंगच्या नावाखाली आपल्या दारात टाकून जाणारे असतात, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. नव्याने हे काम सुरू करणाऱ्या मुलामुलींसाठी सगळं लिहितेय.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी फोन आला. "ताई, तुमच्याकडे पग ठेवतात ना, त्या काकूंनी नंबर दिला. सासरे सिरियस आहेत, आजच नागपूरला निघतोय. आमच्या ब्रूनोला आठवडाभर ठेवाल का?" दिवाळीत फटाक्यांमुळे आणि गावाला जाण्यामुळे बोर्डिंग भरलेलं असतं, तरी प्रसंग ऐकून हो म्हटलं. तासाभरात तो आला. नऊ वर्षांचा लॅब्रॅडॉर, अर्धी पिशवी ड्राय फूड, आधार कार्डाची झेरॉक्स, लसीकरणाचं कार्ड, दोन दिवसांचा अ‍ॅडव्हान्स. बाकीचे आल्यावर. मी प्रत्येकाकडे जे मागते ते सगळं त्याने न मागता दिलं.

ब्रूनोच्या पुढच्या पायावर काडेपेटीएवढ्या जागेतले केस काढलेले होते. विचारलं, तर म्हणाला, "खेळताना खरचटलं होतं, आता बरं आहे." जाताना ब्रूनोच्या डोक्यावरून हातसुद्धा फिरवला नाही. ब्रूनो मात्र दाराकडे तोंड करून बसून राहिला.

रात्रीच कळलं की काहीतरी बिनसलंय. भांडंभर पाणी प्यायचा, थोड्या वेळाने पुन्हा भांडंभर. लघवी आवरत नव्हती. खाण्याला तोंड लावेना आणि तोंडाला उग्र, अमोनियासारखा वास. मालकाला फोन केला. आधी नुसती रिंग वाजली, मग स्विच ऑफ.

सकाळी डॉक्टरांकडे नेलं. रक्ताच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन प्रचंड वाढलेलं; दोन्ही किडन्या जवळजवळ गेलेल्या. डॉक्टरांनी तो केस काढलेला पाय हातात घेऊन पाहिला आणि म्हणाले, "इथे सलाईन लावलं होतं. अलीकडेच कुठेतरी याच्यावर उपचार झालेत." म्हणजे त्या माणसाला आजार माहीत होता, पुढचा खर्च माहीत होता, आणि म्हणूनच कुत्रा माझ्याकडे आला होता.

मग त्यांनी कार्ड बघायला घेतलं. रेबीजच्या लशीच्या बाटलीवरचं स्टिकर चिकटवलेलं होतं, शेजारी पेनाने तारीख. स्टिकरवर छापलेला उत्पादनाचा महिना त्या तारखेच्या नंतरचा होता! लस तयार व्हायच्या आधीच टोचलेली. नखाने कोपरा उचलला, तर खाली जुन्या कागदाचा पापुद्रा. दुसऱ्या कुठल्या तरी कार्डावरून ते काढून लावलं होतं. मला सगळ्यात जास्त संताप याचा आला. त्या दिवसांत घरात आणखी कुत्री होती, माझी आई होती. ब्रूनोला रेबीजची लस कधी मिळाली होती की नाही, कोणास ठाऊक.

आधारवरच्या पत्त्यावर गेले. वॉचमन म्हणाला, ते भाडेकरू पावसाळ्यातच गेले. काकूंना विचारलं, तर त्यांनी कोणालाच नंबर दिलेला नव्हता. माझ्या एका पोस्टखाली त्यांनी कौतुकाचे दोन शब्द लिहिले होते, पगचा फोटोही होता. ओळख तिथून उचललेली. नंतर एका अनोळखी नंबरवरून मेसेज आला: "जमत नसेल तर सोडून द्या कुठेतरी."

पोलिसांत गेले. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 चा आहे. त्यातल्या कलम 11 प्रमाणे जनावर टाकून देणं गुन्हा आहे, पण ते भूक-तहानेने हाल होतील अशा परिस्थितीत टाकलेलं असावं लागतं. आणि पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. हवालदार म्हणाले, "मॅडम, तुम्ही त्याला खायला घालताय ना, मग?" मी बनावट कार्ड पुढे केलं, भारतीय न्याय संहितेतल्या फसवणुकीच्या कलम 318 चा उल्लेख केला, तेव्हा कुठे एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतली. त्यामुळे कार्ड, मेसेज, रिपोर्ट, बिलं, सगळं जपून ठेवा. तुमच्या बोलण्यापेक्षा कागद जास्त ऐकला जातो.

आता मी कुत्रा दारात घेत नाही, त्याच्या घरून आणते. खरोखर राहणारा माणूस घर दाखवायला कां-कूं करत नाही, आणि शेजारी त्या कुत्र्याला नावाने ओळखतात. कार्डावरच्या दवाखान्याचा नंबर स्वतः शोधून फोन करते. कार्डावर छापलेल्या नंबरावर करत नाही. शहरातल्याच दुसऱ्या नातेवाइकाचा नंबर घेऊन त्याच्याशी समोरच बोलते. पूर्ण पैसे आधी, आणि ते माझ्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये दिसल्यावरच. स्क्रीनशॉट चालत नाही. साध्या कागदावर सही घेते की ठरलेल्या तारखेनंतर सात दिवसांत नेलं नाही, तर कुत्रा मी दत्तक देऊ शकते आणि उपचारांचा खर्च मालकाचा. एवढ्यावरून जे गिऱ्हाईक चिडतं ते गेलेलं बरं.

ब्रूनो संक्रांतीनंतर गेला. तोवर त्वचेखालून सलाईन द्यायला मी शिकले होते. शेवटी शेवटी तो उकडलेला भात आणि थोडं चिकन खायचा.

तुमच्याकडेही पग किंवा कुठल्याही ओळखीच्या कुत्र्याचं नाव घेऊन, सासऱ्यांच्या आजारपणाचं सांगत कोणी आलं असेल, पुढच्या पायावर केस काढलेला कुत्रा ठेवून गेलं असेल, तर कृपया जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोचपावती घ्या. माझ्या एकटीच्या एनसीवर कोणी त्याला शोधायला निघणार नाही. तक्रारी चार ठिकाणांहून आल्या तर निघतील.